इंजिनिअर पोरगी अडतीच्या पेढीवर बसली तर?

पत्र

ताई, नमस्कार. मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत पेढीवर दिवाणजी आहे. वय ५२. रोजकीर्द-खतावणी हातानं लिहायला शिकलो, मग टॅली आली ती शिकलो, जीएसटी आणि ई-वे बिल आलं तेही शिकलो. मुलगी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आम्ही मोठ्या हौसेनं घातलं. आता तीच म्हणते, "बाबा, आम्ही चार वर्षं जे शिकतोय ते एआय दोन मिनिटांत करतं. आम्हाला कोण घेणार?" गेल्या वर्षी तिच्या कॉलेजात कॅम्पसला मोजक्याच कंपन्या आल्या. टीसीएसच्या कपातीची बातमी बघितल्यापासून जेवताना घरात दुसरा विषय नाही. पुण्याच्या एका क्लासनं फोन करून सहा महिन्यांचा एआयचा कोर्स सांगितलाय. फी १ लाख ८० हजार, "१०० टक्के प्लेसमेंट". पतसंस्थेतून कर्ज काढायची माझी तयारी आहे. आणखी एक. ती कॉलेजचं सगळं काम चॅटजीपीटीकडून करून घेते. बोललं की म्हणते, सगळेच करतात. माझा पुतण्या कोल्हापूरला विद्यापीठात हळदीवरच पीएचडी करतोय, तोही म्हणतो की आता एआयशिवाय संशोधनात पान हलत नाही. मग आम्ही फी कशाची भरतोय? कोर्स घ्यावा का? आणि जाता जाता, माझ्या नोकरीचं काय?

— एक वडील, माधवनगर

उत्तर

दादा, नमस्कार.

आधी कोर्सचं सांगते, कारण त्या क्लासचा फोन तुम्हाला पुन्हा येणार आणि "आजच्या आज भरलं तर सूट" असं ऐकवणार. घेऊ नका. कर्ज काढून तर अजिबात नाही.

त्या सहा महिन्यांत जे काही टिकाऊ शिकवतील ते मुलीला घरबसल्या मिळतं. आयआयटी आणि आयआयएस्सीनं मिळून २००३ साली एनपीटीईएल हा ऑनलाईन शिकवण्याचा उपक्रम सुरू केला. मशीन लर्निंगपासून डेटाबेसपर्यंत सगळी व्याख्यानं तिथं फुकट आहेत, प्रमाणपत्र हवं असेल तर परीक्षेची फी हजाराच्या आसपास पडते. उरलं काय, तर अमुक टूलमध्ये तमुक बटण कुठं असतं ते. ते कोर्स संपेपर्यंत बदललेलं असतं. त्यासाठी पतसंस्थेचे हप्ते फेडत बसायचं कारण नाही.

एवढं सांगूनही घरात कुणाचं मन मानत नसेल, तर क्लासला म्हणा, "१०० टक्के प्लेसमेंट" हे पावतीवर लिहून सही-शिक्का करून द्या, आणि मागच्या बॅचमधल्या पाच मुलांचे फोन द्या. मग बघा फोन कमी होतात की नाही. फोनवर गॅरंटी असते आणि कागदावर ती "मदत करण्याचा प्रयत्न" होऊन बसते. "शून्य टक्के ईएमआय" म्हणाले तर जास्तच सावध राहा. बहुतेक वेळा तो हप्ता क्लासला जात नाही, मुलीच्या किंवा तुमच्या नावावर एखाद्या फायनान्स कंपनीचं कर्ज चढतं. मुलगी क्लास सोडेल, कर्ज तिला सोडणार नाही. चुकून मोबाईलवर सही होऊन गेलीच तर रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार अशा डिजिटल कर्जाला सुरुवातीची थोडी मुदत असते. तेवढ्यात मुद्दल आणि झालेल्या दिवसांचं व्याज परत करून दंडाशिवाय बाहेर पडता येतं. ती मुदत किती, हे कर्जाच्या कागदात शोधायचं.

आता टीसीएस. जुलै २०२५ मध्ये त्यांनी १२ हजारांवर लोक कमी करायचं जाहीर केलं, म्हणजे एकूण माणसांच्या साधारण दोन टक्के, आणि तेही मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीतले. कारण एआय नाही, कौशल्यं जुळत नाहीत, असं कंपनी म्हणाली. त्यावर किती विश्वास ठेवायचा ते ज्यानं त्यानं ठरवावं. पण तुमच्या मुलीची काळजी त्या बातमीत नव्हतीच. ती दुसऱ्या आकड्यात आहे. याच कंपनीनं २०२१-२२ या आर्थिक वर्षात एक लाख नवखी मुलं घेतली होती. २०२४-२५ मध्ये ४२ हजार. यातली सगळी घट एआयच्या नावावर मांडू नका. कोरोनात सगळं जग ऑनलाईन पळालं, कामं तुंबली, कंपन्यांनी दिसेल त्याला घेतलं. चॅटजीपीटी त्यानंतर, नोव्हेंबर २०२२ च्या शेवटी आलं. ती लाट तशीही ओसरणारच होती.

तरीपण मुलगी घाबरलीय ते उगाच नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या अर्थतज्ज्ञांनी लाखो लोकांच्या पगारपत्रकांवरून एक हिशेब मांडला. ज्या कामांत एआय जास्त घुसलंय तिथं २२ ते २५ वर्षांच्या मुलांच्या नोकऱ्या इतरांच्या तुलनेत १३ टक्क्यांनी घटल्या. त्याच कामांतली मोठ्या वयाची, अनुभवी माणसं मात्र जागेवर होती, काही ठिकाणी वाढलीसुद्धा. हे अमेरिकेचं आहे, ते जसंच्या तसं सांगलीला लावता येणार नाही. पण त्यातली मेख इथंही खरी आहे. यंत्राला पुस्तकात असलेलं सगळं येतं. नवीन मुलाकडेही पहिल्या दिवशी पुस्तकातलंच असतं. मग त्याला पगार कशाचा द्यायचा, हा प्रश्न मालकाला पडतो.

मी बरीच वर्षं पॉलिटेक्निकात शिकवलं. आमची मुलं नोकरीला लागली की पहिलं वर्षभर किरकोळ कामं करायची. दुसऱ्याच्या कोडमधल्या चुका शोध, टेस्टिंग कर, रिपोर्ट काढ, मीटिंगमध्ये गप्प बसून ऐक. त्या कामाला कुणी किंमत देत नव्हतं, पण मुलं घडायची ती तिथंच. तीच किरकोळ कामं आता यंत्राकडे चाललीत. वरचे मजले आहेत तसे आहेत, जिन्याची पहिली पायरी तेवढी काढून घेतल्यासारखं झालंय. त्यामुळं "कोणतं क्षेत्र सुरक्षित?" हा प्रश्न मी तुमच्या जागी असते तर विचारलाच नसता. ती पायरी कुठं मिळेल ते शोधलं असतं.

मला विचाराल तर ती आपल्या जिल्ह्यात आहे, आणि एक तर तुमच्या टेबलावरच आहे.

तुमच्याकडे शेतकऱ्याची पट्टी होते. पोती किती, वजन किती, दर काय, हमाली, तोलाई, आणि खाली आधी नेलेली उचल वजा. मुलीला म्हणा, गेल्या सीझनमधल्या हातानं लिहिलेल्या पन्नासएक पट्ट्या घे, फोटो काढ, आणि त्या एआयकडून वाचून घेऊन तक्ता तयार कर. शेठची परवानगी काढा आणि शेतकऱ्यांची नावं, खाते नंबर झाकून फोटो घ्यायला सांगा, ते कुठल्याही कंपनीच्या सर्व्हरवर जायला नकोत. तक्ता पाच मिनिटांत होईल आणि दिसायला देखणा होईल. मग तो तुम्ही तपासायचा. हातानं काढलेला ९ आणि १ यांत यंत्राची गफलत होते. दर १४,९०० चा १४,१०० वाचला तर बारा क्विंटलच्या पट्टीला शेतकरी ९,६०० रुपयांना बुडाला. ते तुम्ही लगेच पकडाल, कारण त्या दिवशीचा सौदा तुमच्या डोक्यात आहे. दुसऱ्या एखाद्या पट्टीत उचल वजा दिसणार नाही आणि यंत्र म्हणेल, नोंद राहिली. तुम्हाला माहीत आहे की दोन भावांची जमीन एक, पट्ट्या वेगळ्या आणि उचल थोरल्याच्या नावावर आहे.

मुलीनं हे शेजारी बसून बघितलं पाहिजे. चुकलं कुठं, का चुकलं, पुन्हा चुकू नये म्हणून तपासणी कशी बसवायची. दर त्या दिवसाच्या किमान-कमाल दराच्या बाहेर गेला तर लाल दाखव, बेरीज जुळली नाही तर पुढं जाऊ नको. असं करत तिनं पेढीला रोज वापरता येईल असं काहीतरी उभं केलं, तर मुलाखतीत तिला सांगायला एक खरी गोष्ट असेल. "माझा प्रोजेक्ट लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम" हे ऐकून मुलाखत घेणारे केव्हाच कंटाळलेत. खरं सांगायचं तर मीसुद्धा कंटाळले होते.

पेढीच पाहिजे असंही नाही. कुपवाडला, मिरजेला एमआयडीसीत फाउंड्र्या आणि मशिनशॉप आहेत. कास्टिंग रिजेक्ट झालं की हीट नंबर (म्हणजे वितळवलेल्या धातूच्या घाण्याचा नंबर), शिफ्ट, दोष असं रजिस्टरमध्ये लिहितात, आणि ते रजिस्टर कपाटात पडतं. कोणत्या शिफ्टला ब्लो-होल, म्हणजे ओतीव कामात हवेची भोकं, जास्त येतात हे त्यातून काढून देणारं माणूस मालकाला हवंच असतं, पण पुण्याची कंपनी त्याला परवडत नाही. तासगाव-मिरजेकडच्या द्राक्षांचं घ्या. युरोपला माल पाठवायचा तर बागेची अपेडाच्या, म्हणजे शेतमाल निर्यात बघणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या, ग्रेपनेट या ऑनलाईन यंत्रणेवर नोंदणी लागते, फवारणीच्या नोंदी लागतात, औषधांच्या उर्वरित अंशांची लॅबमध्ये तपासणी लागते. एक नोंद चुकली की अख्खा कंटेनर अडचणीत. तिथं नीटनेटकी नोंदव्यवस्था बसवून देणारी मुलगी कुणाला नको आहे? पगार पुण्याएवढा मिळणार नाही, हे मी लपवत नाही. पहिल्या वर्षी तर बऱ्यापैकी कमीच असेल.

पदवी झाल्यावर नॅट्स, म्हणजे केंद्र सरकारची पदवीधर-पदविकाधारकांची अप्रेंटिस योजना, तीही बघा. वर्षभर कारखान्यात काम, विद्यावेतन मिळतं, आणि ठरलेल्या किमान विद्यावेतनाचा अर्धा भाग सरकार उचलतं. लहान मालकांना हे बहुधा माहीत नसतं. मुलीनं अर्ज घेऊन जाताना हे स्वतःच सांगावं. कॉलेजच्या इंटर्नशिपसाठीही आत्तापासूनच दोन-तीन ठिकाणी जाऊन बोलायला हवं. इंटर्नशिपचं नुसतं सर्टिफिकेट विकत देणारे लोक आपल्याकडे निघालेत, त्यांच्या वाटेला जाऊ नका.

आता चॅटजीपीटीचं. सगळेच करतात हे ती खरं सांगते. बंदी घालून उपयोग नाही, आणि घालूही नका, कारण उद्या नोकरीत तेच वापरायचंय. पण "फी कशाची भरतोय" हा तुमचा प्रश्न अगदी योग्य जागी आहे. तुर्कस्तानात शाळेतल्या जवळपास हजार मुलांवर गणिताचा एक प्रयोग झाला. ज्यांना साधं चॅटजीपीटीसारखं टूल दिलं त्यांची सरावातली गणितं ४८ टक्क्यांनी जास्त बरोबर आली. मग टूल काढून घेऊन परीक्षा घेतली, तर ती मुलं टूल न वापरलेल्या मुलांपेक्षा १७ टक्क्यांनी मागं पडली. तिसऱ्या गटाला असं टूल दिलं होतं की जे थेट उत्तर देत नाही, नुसता इशारा देतं. त्यांचं असं नुकसान झालं नाही. यंत्र एकच, वापरायची रीत वेगळी.

म्हणून तिला एवढंच सांगा, आधी स्वतः लिही, अडलीस तर "उत्तर देऊ नको, कुठं चुकतंय त्याचा इशारा दे" असं विचार, आणि जमा करण्याआधी प्रत्येक ओळ का आहे ते मला समजावून सांग. तुम्हाला कोडमधलं ओ की ठो कळत नसलं तरी चालेल. तुम्ही हिशोबनीस आहात, समोरचा गुळमुळीत बोलायला लागला की तुम्हाला कळतं.

पुतण्याचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल डेव्हिड बेकर, डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना मिळालं, त्यातल्या शेवटच्या दोघांना अल्फाफोल्ड या एआयसाठी. एका प्रथिनाची रचना प्रयोगशाळेत शोधायला कधी महिने, कधी वर्षं जायची. अल्फाफोल्डनं २० कोटींवर रचनांचे अंदाज मांडून २०२२ मध्ये जगाला फुकट खुले केले. कोल्हापुरात बसलेल्या पोराला ते बघता येतात, ही मोठीच गोष्ट आहे. उरलेलं अर्धं असं, की हे यंत्र शिकलं कशावर? १९७१ पासून जगभरच्या शास्त्रज्ञांनी प्रयोग करून एका सामायिक साठ्यात जमा केलेल्या रचनांवर. कुणीतरी आयुष्य घालून मोजलेलं होतं म्हणून त्याला अंदाज बांधता आला. तुमच्या पुतण्याला यंत्र सांगेल की कुरकुमिन, म्हणजे हळदीतला पिवळा घटक, अमुक प्रथिनाला चिकटेल. पण हरिपूरच्या एखाद्या वावरातल्या हळदीत कुरकुमिन किती टक्के, शिजवणीत आणि वाळवणीत त्यातलं किती गेलं, हे हळकुंड दळून, लॅबमध्ये मोजूनच कळणार. नव्या पीएचडीवाल्यांनी मोजायचं सोडून नुसते अंदाजच छापले तर मला त्यांची काळजी वाटते. आणि त्याला एक बजावून सांगा. एआयनं दिलेला प्रत्येक संदर्भ उघडून बघायचा. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या दोन वकिलांनी चॅटजीपीटीनं दिलेले, मुळात अस्तित्वातच नसलेले खटले कोर्टात दाखल केले आणि पाच हजार डॉलर दंड भरला. प्रबंधात तसा एक संदर्भ सापडला तर दंडावर भागणार नाही.

भविष्यवाण्यांबद्दल एक सांगायला हवं, कारण घरात त्यांचाच आवाज जास्त दिसतोय. या तंत्रज्ञानाच्या जनकांपैकी एक, जेफ्री हिंटन, २०१६ मध्ये म्हणाले होते की रेडिओलॉजिस्ट, म्हणजे एक्स-रे-स्कॅन वाचणारे डॉक्टर, घडवणं आता थांबवा, पाच वर्षांत यंत्र त्यांच्यापेक्षा सरस होईल. हिंटनना २०२४ चं भौतिकीचं नोबेल मिळालं, आणि रेडिओलॉजिस्ट अजून कमी पडतायत. मिरजेच्या कुठल्याही दवाखान्यात सोनोग्राफीच्या रांगेत बसून बघा. यंत्र फिल्म वाचतं, पण पोटावर प्रोब फिरवणं, सर्जनशी बोलणं आणि रिपोर्टवर सही करून त्याची जबाबदारी घेणं हे अजून माणसाकडेच आहे. एवढ्या मोठ्या माणसाचा अंदाज चुकतो, तर व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या "पाच वर्षांत संपणाऱ्या दहा नोकऱ्या" वाचून मुलीचं करिअर ठरवू नका.

पत्रात तुम्ही लिहिलं नाहीत, पण ओळींमधून मला दिसलं ते बोलते. इंजिनिअरिंगला घातलेली पोरगी यार्डात, हमालांच्या गर्दीत, हळदीच्या धुळीत येऊन बसणार, हे तुम्हाला आणि बहुतेक वहिनींना आवडणार नाही. लोक म्हणतील, एवढं शिकून शेवटी बापाच्याच पेढीवर. म्हणू देत. साताऱ्यात कर्मवीरांनी "कमवा आणि शिका" सुरू केली तेव्हा कॉलेजची मुलं शेतात राबून, माती उचलून शिकली. त्यांतली कितीतरी पुढं प्राध्यापक आणि अधिकारी झाली, आणि त्यांच्या हाताला लागलेल्या मातीचं कुणाला काही वाटलं नाही. वहिनींची काळजी सुरक्षिततेची असेल तर ती वेगळी आणि रास्त आहे. त्यासाठी तुम्ही शेजारच्या टेबलावर आहातच. सौदे संपल्यावर, दुपारी बोलवा. आणि शेठशी आधी स्पष्ट ठरवा, काम काय आणि मोबदला काय. थोडा का असेना, मोबदला घ्यायचाच. फुकटच्या कामाची चूक कुणी दाखवत नाही.

राहिलं तुमचं. खोटा धीर देत नाही, पट्ट्या टाईप करणं आणि टॅलीत नोंदी भरणं हे काम कमी होणार. पाच वर्षांत की दहा, हे मी सांगू शकत नाही. पण शेठ तुम्हाला नुसत्या टायपिंगचे पैसे देत नाहीत. कोणत्या शेतकऱ्याला उचल दिली तर परत येते, कोणता व्यापारी पैसे लांबवतो, कोणाच्या मालात भेसळीचा संशय घ्यायचा, हे कुठल्याच वहीत लिहिलेलं नाही. ते तुमच्याकडे आहे हे शेठना माहीत असलं तरी त्यांनी ते कधी बोलून दाखवलं नसेल. मुलगी जो तक्ता करेल तो शेठना दाखवायला तुम्ही स्वतः जा, आणि त्यातल्या चुका तुम्ही कशा पकडल्या तेही दाखवा. पुढं पेढीवर असलं काही सॉफ्टवेअर आलंच, तर ते चालवणारा आणि तपासणारा माणूस म्हणून तुमचं नाव आधी निघालं पाहिजे. नवीन सीझनची आवक वाढायच्या आत हे उरकून घ्या. एकदा यार्ड भरलं की शेठना तुमच्याशी बोलायला सवड नसणार.

पतसंस्थेचा अर्ज भरून ठेवला असेल तर काढून घ्या. वीस-पंचवीस हजार खर्च करायचेच असतील तर मुलीचा लॅपटॉप जुना झालाय का ते विचारा.

— तुमची ताई, सातारा